पेठेतले वाडे आणि त्यांचे भवितव्य : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पुण्याच्या जुन्या पेठांमधील वाड्यांविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे आणि वाड्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमच्या घरासमोर दोन चौकांचा जुना वाडा आहे. दर्शनी सोप्यात सुरूच्या घाटाचे कोरीव खांब व लाकडी महिरपी आहेत, मागच्या चौकात आड आणि हौद आहे. तो पेशवाईच्या अखेरीस बांधला गेला, असे गल्लीतील वयस्क मंडळी सांगतात. मालक हा वाडा विकसकाला देणार असल्याचे कळल्यावर आम्ही शेजाऱ्यांनी सह्यांचे निवेदन तयार केले. त्यावर मालक म्हणाले, "एवढी आस्था असेल तर तुम्हीच विकत घ्या." वाडा वारसा वास्तू म्हणून जाहीर व्हावा यासाठी आम्ही काय करावे?

उत्तर : हा वाडा आधीपासूनच एखाद्या यादीत आहे का, हे आपण प्रथम तपासून घ्यावे. जुन्या वास्तूंना आपल्याकडे तीन पातळ्यांवर संरक्षण मिळते. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग ज्या वास्तू सांभाळतो, त्यांत शनिवारवाडा येतो. १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली राज्याचे पुरातत्त्व खाते काही वास्तू राज्य संरक्षित म्हणून जाहीर करते. गंज पेठेतील महात्मा फुले वाडा हे त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण आहे. तिसरी पातळी महापालिकेच्या वारसा यादीची असून, खासगी मालकीच्या वाड्यांना आशा धरायची तर ती बहुतेक वेळा येथेच धरावी लागते. या पद्धतीचा आरंभ मुंबईत १९९५ मध्ये झाला. देशातील पहिले म्हणावे असे वारसा नियम तेव्हा तेथे लागू झाले आणि वास्तूंची तीन श्रेणींत विभागणी करण्याची रीत रूढ झाली. पहिल्या श्रेणीतील वास्तूला जवळजवळ हात लावता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत आतील बदलांना थोडी मुभा असते आणि तिसऱ्या श्रेणीत, रस्त्याच्या एकूण रूपाला बाधा येणार नाही अशा बेताने, बऱ्याच मोठ्या बदलांना परवानगी मिळू शकते. पुण्याच्या यादीत सुमारे अडीचशे वास्तू आहेत, परंतु त्यांत देवळे, शासकीय इमारती आणि शिक्षणसंस्थाही मोजलेल्या आहेत. पेठांमधील असंख्य वाडे या यादीबाहेर राहिले असून, महापालिकेच्या लेखी ते केवळ जुन्या मिळकती आहेत.

वाडा यादीत नसेल, तर त्याचा समावेश व्हावा असा अर्ज महापालिकेचा वारसा विभाग आणि वारसा संवर्धन समिती यांच्याकडे कोणाही नागरिकाला करता येतो. त्यासाठी मालकाची संमती ही पूर्वअट नाही. मात्र हरकती मागवून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि ते योग्यच आहे. अर्जात भावनेपेक्षा पुराव्याला अधिक जागा द्यावी. मिळकतपत्रिकेचा उतारा, सिटी सर्व्हेचा जुना नकाशा, खांब, तुळया, कडीपाट व दरवाजे यांची छायाचित्रे आणि शक्य झाल्यास वास्तुरचनाकाराने मोजमापे घेऊन काढलेला आराखडा एवढे जोडले, तरी समितीपुढे बोलण्यासारखे काही राहते. मूळ मालक घराणे पेशव्यांच्या चाकरीत असेल, तर पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तरात त्याचा माग लागण्याची शक्यता असते. मात्र त्यासाठी मोडी जाणणारा माणूस आणि भरपूर सबुरी, दोन्ही हवीत.

आणखी एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. "पेशवाईतला वाडा" हे विधान गल्लीत सहज केले जाते. समितीपुढे ते टिकेलच असे नाही. पेठांमधील पुष्कळ वाडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहेत आणि जे त्याहून जुने आहेत, तेही आगी, पूर आणि वाटण्या यांमुळे पुन्हा पुन्हा बदललेले आहेत. छपरावरील मंगलोरी कौले पाहूनच एक गोष्ट कळते. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, तेव्हा छप्पर निदान त्यानंतर एकदा तरी नव्याने घातले गेले आहे. प्रत्यक्ष विश्रामबागवाड्याचाही काही भाग १८७९ च्या आगीत जळाला आणि मागाहून उभारला गेला. बुधवारवाडा तर त्याच आगीत नामशेष झाला. अशा बदलांमुळे वाड्याचे मोल कमी होत नाही. परंतु अर्जातील पहिलेच विधान खोटे ठरले, तर पुढची खरी विधानेही कोणी गांभीर्याने घेत नाही.

आता मालकांच्या उत्तराविषयी. आपल्याला ते उद्धट वाटले असावे, असे पत्राच्या सुरावरून जाणवते. आमच्या मते तो उद्धटपणा नसून हिशेब आहे आणि तो समजून घेतल्याखेरीज हा वाडा वाचणार नाही. वाड्यांच्या मालकांपैकी पुष्कळांकडे पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे प्रमाण धरले आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे ते जवळपास तेथेच राहिले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली खरी, पण २००० साली एखाद्या खोलीचे भाडे वीस रुपये असेल आणि मालकाने दर वर्षी पूर्ण चार टक्के वाढ घेतली असेल, तरी पंचवीस वर्षांनंतर ते त्रेपन्न रुपयांच्या आसपासच भरते. सागवानी तुळई बदलण्याचा आजचा खर्च आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. त्यातच वाडा सामाईक असेल आणि हिस्सेदारांपैकी निम्मे दुसऱ्या शहरांत असतील, तर गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे यावरच वर्षे निघून जातात. वाडा पाडण्याचा निर्णय एके दिवशी घेतलेला दिसत असला, तरी बहुधा तो पन्हळ तुंबली आणि ती कोणीच साफ केली नाही तेव्हापासून होत आलेला असतो.

यादीत नाव लागले की मालकाच्या विकासहक्कावर बंधन येते, पैसा मात्र येत नाही. या तोट्याची भरपाई हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने देण्याची तरतूद नियमावलीत आहे. म्हणजे वाड्याच्या जागेवर जे बांधकाम करता आले नाही, तेवढे क्षेत्र अन्यत्र वापरण्यासाठी विकता येते. परंतु प्रस्ताव मंजूर होऊन तो हक्क विकला जाईपर्यंतचा काळ मालकालाच काढायचा असतो आणि सामाईक मालकीत सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. म्हणून निवेदन घेऊन महापालिकेत जाण्यापूर्वी आपण मालकांकडे जावे, असे सुचवावेसे वाटते. दर्शनी सोपा आणि पहिला चौक राखून मागच्या भागात नवे बांधकाम करणारा आराखडा त्यांना मान्य होईल का, हे विचारावे आणि असा आराखडा काढून देणारा, जुन्या वास्तूंचे काम केलेला वास्तुरचनाकार शोधून द्यावा. वर्गणी काढायचीच असेल, तर ती फलकांपेक्षा या आराखड्यासाठी काढावी. सह्यांची मोहीम आधी आणि बोलणी नंतर, असा क्रम ठेवल्यास मालकाला आपली मिळकत अडकण्याची धास्ती वाटते, आणि धास्तावलेला मालक वाडा वाचवण्याऐवजी यादीत नाव लागण्यापूर्वी तो उतरवून घेण्याची घाई करतो.

प्रश्न : आमचा वाडा कसबा पेठेत, शनिवारवाड्याच्या तटापासून शंभर मीटरच्या आत आहे. पाडून नवे बांधता येत नाही आणि दुरुस्तीलाही परवानगी लागते असे सांगतात. ऐतिहासिक वास्तू सांभाळण्याच्या नावाखाली आम्ही पडक्या घरात किती दिवस राहायचे?

उत्तर : आपला त्रागा समजण्यासारखा आहे. केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंतच्या पट्ट्यात नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरच्या पट्ट्यात परवानगी घेऊनच बांधकाम करता येते. अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजले जाते, त्यामुळे आपला वाडा नेमका कोठे पडतो याचा अधिकृत नकाशा पाहिल्यावाचून कोणाच्याही तोंडी सांगण्यावर विसंबू नये. शंभर मीटर आणि एकशेपाच मीटर यांत येथे फार मोठे अंतर आहे.

मनाई नव्या बांधकामाला आहे, दुरुस्तीला नाही. पुष्कळ रहिवासी या दोन्हींची गल्लत करतात. १६ जून १९९२ पूर्वी अस्तित्वात असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण करता येते. त्यासाठी राज्यातील सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर परवानगी मिळते. अर्जासोबत घर त्या तारखेपूर्वीचे असल्याचा पुरावा लागतो. मिळकतकराच्या जुन्या पावत्या, मिळकतपत्रिका आणि वीजदेयके जपून ठेवावीत ती यासाठीच.

या कायद्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. शनिवारवाड्याभोवती उंच इमारतींची भिंत उभी राहू नये, हा त्याचा हेतू योग्य आहे आणि हा पट्टा नसता तर तटालगत काय उभे राहिले असते याची कल्पना पेठांच्या इतर भागांत फिरले तरी येते. परंतु एका वाड्याच्या रक्षणासाठी आखलेल्या वर्तुळाने भोवतालच्या लहान वाड्यांची कोंडी केली, हेही तितकेच खरे आहे. पेशव्यांच्या वाड्याचा तट आणि दरवाजे उरले असून आतील लाकडी इमारती १८२८ च्या आगीत गेल्या. लाकडी खांबांचे, चौकांचे आणि माजघरांचे घर प्रत्यक्ष कसे होते, हे दाखवणारी वस्ती आज या लहान वाड्यांतच आहे. शंभर मीटरच्या आतील जुन्या घरांना दुरुस्तीसाठी अनुदान मिळाले असते, तर त्या वर्तुळाचे खऱ्या अर्थाने सार्थक झाले असते. नुसती मनाई घर उभे ठेवू शकत नाही.

प्रश्न : आम्ही एका वाड्यात तीन पिढ्यांपासून भाडेकरू आहोत. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची 'धोकादायक इमारत' अशी नोटीस दारावर लागली आहे. मालक म्हणतात, वाडा आता पडणार आणि तुमचा हक्कही संपणार. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. नोटीस पूर्ण वाचावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त धोकादायक बांधकाम दुरुस्त करणे, त्याला आधार देणे, ते रिकामे करणे किंवा पाडणे यांपैकी काहीही सांगू शकतात. पुष्कळ वेळा नोटिशीत दुरुस्ती सांगितलेली असते आणि गल्लीत बातमी मात्र पाडण्याची पसरते.

इमारत पडली किंवा महापालिकेने पाडली, तरी केवळ तेवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१४ मध्ये दिला आहे. भाडेपट्ट्यात जमिनीचाही समावेश असतो, असा त्यामागचा विचार आहे. म्हणून खोली सोडण्याची वेळ आलीच, तर त्यापूर्वी ताब्यातील क्षेत्राचे मोजमाप महापालिकेच्या अभियंत्याकडून नोंदवून घ्यावे, छायाचित्रे काढावीत, भाडेपावत्या एकत्र ठेवाव्यात आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. मालकाशी लेखी करार झाल्याशिवाय, "नव्या इमारतीत जागा देतो" या शब्दावर किल्ली देऊ नये.

वाडा खरोखर किती धोकादायक आहे, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचे उत्तर कोणी तपासणी केली यावर अवलंबून असते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारती तपासण्याच्या रीती येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर, म्हणजे तळखड्यांवर उभे राहिलेले खांब आणि त्यांवरील तुळया यांवर असतो. पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंतीला मोठी भेग गेली, तरी सांगाडा शाबूत असू शकतो. उलट बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीत दडलेल्या खांबाचा पाय ओलीने कुजलेला किंवा वाळवीने पोखरलेला असू शकतो आणि खरे भय त्याचेच असते. भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असल्यास शंका अधिक धरावी, कारण चुना आणि माती ओल बाहेर सोडतात, सिमेंट ती आत कोंडते. भाडेकरूंनी सोयीसाठी माडीवर बांधलेल्या मोऱ्या आणि छपरावर चढवलेल्या पाण्याच्या टाक्या यांनीही पुष्कळ वाडे खचवले आहेत. या बाबतीत केवळ मालकाला दोष देऊन चालणार नाही. लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या संरचना अभियंत्याकडून दुसरे मत घ्यावे. परंतु त्यानेही जागा सोडा असे सांगितले, तर हक्काच्या काळजीने एक रात्रही आत काढू नये. हक्क कागदावर राखता येतो.

प्रश्न : भिडेवाड्यासाठी इतकी वर्षे लढा झाला आणि अखेरीस वाडा पाडलाच. स्मारकासाठी मूळ वास्तूच पाडायची असेल, तर ऐतिहासिक घर वाचवण्याला काय अर्थ उरतो?

उत्तर : जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १ जानेवारी १८४८ रोजी मुलींची शाळा ज्या वाड्यात सुरू केली, तो बुधवार पेठेतील वाडा २०२३ च्या अखेरीस उतरवण्यात आला. दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला येणारे लोक त्याच्या समोरून जात असत आणि त्यांतील कित्येकांना आपण कशापुढून चाललो आहोत याची कल्पना नसे. तळमजल्यावर दुकाने होती, भूसंपादनाचा वाद अनेक वर्षे न्यायालयात चालला. त्या वर्षी उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला व सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला, तोवर वास्तू पडक्या अवस्थेला पोहोचली होती. ती जशीच्या तशी उभी ठेवणे त्या वेळी कितपत शक्य होते, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु वाद मिटेपर्यंत छप्पर झाकण्याची आणि सांगाड्याला आधार देण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, याबद्दल दुमत होऊ नये. दाव्यातील मिळकतीची तात्पुरती डागडुजी करून घेण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो आणि भिडेवाड्यावरून शिकायचे असेल तर हे शिकावे. नव्या स्मारकाचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. मात्र ज्या खोल्यांत मुली पहिल्यांदा पाटी घेऊन बसल्या, त्या खोल्यांची उंची, उजेड आणि दारांची रुंदी नव्या इमारतीतून कळणार नाही, आणि निदान त्यांची तपशीलवार मोजमापे लोकांसमोर यावीत.

सरकारने अशी घरे वेळीच का विकत घेऊ नयेत, असेही आपण विचारले आहे. सरकार घेते; लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये खरेदी केले. पण खरेदीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. तेथे वर्दळीमुळे त्रास होतो अशी काही शेजाऱ्यांची तक्रार होती, स्थानिक परिषदेने निवासी घराचे संग्रहालय करण्यास परवानगी नाकारली आणि अपिलात रीतसर चौकशी झाल्यावर २०२० मध्ये ती मिळाली. घर घेण्याआधी त्याचा पुढचा वापर आणि शेजाऱ्यांचे म्हणणे यांचा विचार करावा लागतो, मग ते घर बुधवार पेठेत असो वा लंडनमध्ये.

प्रश्न : आम्ही भावंडे अमेरिकेत असतो. पुण्यातील वडिलोपार्जित वाड्यात आता कोणी राहत नाही. जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने दिंडी दरवाजा, कोरीव खांब आणि महिरपी यांसाठी चांगली किंमत देऊ केली आहे. वाडा उभा ठेवून एवढेच विकले तर चालेल का? एक दरवाजा आम्हाला इकडे आणण्याचीही इच्छा आहे.

उत्तर : कोरीव खांब काढल्यावर वाडा फार काळ उभा राहणार नाही, कारण ते खांब केवळ शोभेचे नसून तुळया त्यांवरच टेकलेल्या असतात. वाडा यादीत असेल, तर परवानगीशिवाय असा कोणताही भाग काढता येत नाही. यादीत नसला, तरी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत इमारतीपासून सुटी केलेली, शंभर वर्षांहून जुनी वस्तूही येते. तिचा व्यापार करण्यासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा दरवाजा अमेरिकेला नेण्याचा विचार सोडून द्यावा आणि व्यापाऱ्याकडे परवाना आहे का, ते विचारावे.

रिकामा वाडा सर्वांत लवकर जातो. वाटणीचा निर्णय होईपर्यंत आपणा भावंडांपैकी एकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करावे, वारसनोंदी पूर्ण कराव्यात आणि दर वर्षी मे महिन्यात कौले परतून घेणे, पन्हळी साफ करणे व भिंतीत उगवलेली पिंपळाची रोपे मुळे जाड होण्याआधी काढणे एवढे काम एखाद्या माहितगार मिस्त्रीकडे सोपवावे. वाड्याला उत्पन्न हवे असेल, तर वाईजवळ मेणवली येथील नाना फडणवीसांच्या वाड्यात चित्रपटांची चित्रीकरणे होतात, तसा तात्पुरता वापर किंवा अभ्यासिका, प्रदर्शन आणि संगीताच्या बैठका यांसाठी चौक भाड्याने देणे हे मार्ग पाहता येतील. मात्र त्याआधी लाकडी सांगाड्याची तपासणी आणि विजेच्या जुन्या तारांची बदली करून घ्यावी, कारण सागवानी वाड्याला आग लागली तर ती आवरणे फार कठीण जाते.